निरंक गुरुजी

वारासिवनीहून कटंगीच्या बाजूला निघालं की सात-आठ किलोमीटरवर एक फाटा फुटतो. त्या फाट्याच्या टोकाला जे गाव आहे त्याचं नाव न सांगितलेलंच बरं. तिथल्या प्राथमिक शाळेच्या दुलीचंद रामटेके गुरुजींना आपली गोष्ट चारचौघांत झालेली आवडायची नाही. फाट्यावरच्या पानठेल्यावर 'रामटेके गुरुजी' म्हणून विचारलंत तर पानवाला डोकं खाजवील. 'निरंक गुरुजी' म्हणालात तर पान लावता लावता हनुवटीनंच रस्ता दाखवील.

निरंक हा मध्य प्रदेशच्या सरकारी कागदांतला मोठा गुणी शब्द आहे. वरून विचारणा येते, तुमच्या शाळेत गळक्या खोल्या किती? पुस्तकं न मिळालेली मुलं किती? साप निघाल्याच्या घटना किती? त्यावर 'निरंक' लिहायचं. म्हणजे काही नाही, शून्य. एवढा एक शब्द लिहिला की तो कागद फायलीत जाऊन झोपतो आणि त्याला पुन्हा कोणी उठवत नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत गुरुजींनी दुसरं उत्तर फारसं दिलंच नव्हतं.

यावरून कोणी त्यांना कामचोर म्हणेल तर ते पाप त्याच्या माथी. खोली गळली की गुरुजी लुंगी खोचून स्वतः छपरावर चढत आणि कौलं सारखी करत. मग खाली उतरून, हात धुऊन, 'निरंक' लिहीत. पोराकडे वही नसली तर वारासिवनीच्या बाजारातून आणत. साप निघाला तर काठीनं उचलून नाल्यापलीकडे सोडून येत. "तक्रार वर पाठवली का ते फारम होऊन खाली येते," असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काही नाही, नोकरी केलेल्या कोणालाही विचारा. तर गुरुजी सुखात होते. छत्तीस पोरं, दोन खोल्या, अंगणात चिंचेचं झाड, घरी सत्यभामाबाईंचा भाजीपाल्याचा वाफा. साठी आली होती आणि दोन वर्षांनी नोकरीतून सुट्टी मिळणार होती. एवढ्या नाकासमोर चालणाऱ्या माणसाच्या वाटेला कोणी जाऊ नये, पण सरकार कोणाच्याही वाटेला जातं.

पोळा झाला आणि त्याच आठवड्यात जनशिक्षक चंद्रशेखर मोबाइलवर एक फॉर्म पाठवून मोकळा झाला. जनशिक्षक म्हणजे आजूबाजूच्या पंधरा-वीस शाळांचे कागद गोळा करत मोटारसायकलवर फिरणारा माणूस. प्रत्येक मुलाची सामाजिक आणि भावनिक गरज तपासायची होती. हिंदीतले बारा प्रश्न. मुलाला कशाची भीती वाटते? दुःख झालं तर कोणाला सांगतो? कोणाबरोबर खेळतो? काय आवडत नाही? शेवटी, ज्यांना मदतीची गरज आहे त्यांची नावं आणि पालकांची संमती. ज्या शाळेतून नावं येतील तिथे बालाघाटहून एक काउन्सेलर ताई दर गुरुवारी येणार, परीक्षेपर्यंत. ज्या शाळेतून नावं नाहीत तिथे कोणी नाही. शनिवारपर्यंत पाठवा, आणि ताकीद म्हणून तीन लाल चिन्हं.

छापून घेतलेल्या त्या फॉर्मवर गुरुजींनी चहा निवायच्या आत 'निरंक' लिहिलं.

शाळेत दुसऱ्या शिक्षिका होत्या दीपिका मॅडम, अतिथी शिक्षक, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवरच्या. मुलगी वारासिवनीची, स्कूटीवरून येई, मराठी समजे पण जीभ हिंदीतच वळे. तिनं तो कागद पाहिला आणि डोळे मोठे केले. "सर, छत्तीस बच्चे हैं. छत्तीसों को कुछ नहीं?"

"पोट्टे माह्या डोळ्याम्होरचे हायत मॅडम. याइच्या मायबापाइलेबी मीच शिकवलं."

"तो पूछने में क्या जाता है?"

विचारणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं त्यांना वाटत होतं, पण पोरीच्या तोंडावर तसं म्हणायला ते धजले नाहीत. शनिवारला अजून दोन दिवस होते. दुपारचं जेवण झाल्यावर चिंचेखाली दोन खुर्च्या टाकल्या आणि एकेका पोराला बोलावणं सुरू झालं.

आता खरं सांगायचं तर गुरुजींना त्यात मजाच येऊ लागली. तिसरीतल्या एकाला विचारलं, तुला भीती कोणाची वाटते? तो म्हणाला, "तुमची." दुःख झालं तर कोणाला सांगतो, तर "म्हशीले. ते आयकते." चौथीतल्या पिंकीला विचारलं काय आवडत नाही, तर तिनं बोटं मोडत शाळेतली डाळ, मोठा भाऊ, सातचा पाढा, पावसात ओली होणारी चप्पल आणि दीपिका मॅडमचं लाल पेन अशी लांबलचक यादी सांगितली आणि वर म्हणाली, "अजून सांगू?" दीपिका मॅडम तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. गुरुजी म्हणाले, "पाहा, सगळे ठनठनीत हायत."

मग पाचवीतली मयुरी आली.

ही मयुरी म्हणजे शाळेचं भूषण. गुरुजींच्या आधी शाळेत यायची, दोन्ही खोल्या झाडायची, माठ भरायची. पहिलीच्या पोरांची शेंबडी नाकं पुसून त्यांना अक्षरं गिरवायला बसवायची. तिचा धाकटा भाऊ अश्विन, घरचा बाबू, दुसरीत होता. त्याचं दप्तर, डबा, बटण, सगळं तिच्याकडे. तिला कधी रागवावं लागलं नाही, कधी दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. कोणतंही पोर चुकलं की गुरुजी म्हणत, "मयुरीकडून शिका." दिवसातून चार-पाच वेळा तरी म्हणत.

"तुले कायचं भेव वाटते?"

"नाई गुरुजी, कायचंच नाई."

"राग येते का कदी?"

"नाई."

"रडतं का?"

"नाई गुरुजी."

"काही आवडत नाई असं?"

आपलं उत्तर बरोबर येतंय ना, हे पाहावं तशी तिनं गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सगळं आवडते."

"तरास झाला तर कोनाले सांगतं?"

"मले तरास नाई, गुरुजी." मग हसून उठली आणि जाता जाता गुरुजींचा रिकामा पेला विसळायला घेऊन गेली.

गुरुजींची छाती भरून आली. "हे पोरगी पाहा मॅडम. बारा प्रश्न, बाराई ठीक."

दीपिका मॅडम हसत नव्हत्या. त्या हातातल्या कागदाकडे पाहत होत्या. "सर," त्या हळूच म्हणाल्या, "इसने तो पूरा फॉर्म निरंक भर दिया."

गुरुजींना हे झोंबलं. कालची पोर, आणि आपल्याला टोमणा मारते! "मंग काय म्हनाचं आहे तुमचं? शान्या पोरीले बीमार म्हनाचं?"

"नहीं सर. पर ऐसा बच्चा होता है क्या, जिसको कुछ भी बुरा न लगे? मैं तो इस उमर में दिन में तीन बार रूठती थी."

त्या दिवशी पुढचं काम झालं नाही. गुरुजींनी कागद गुंडाळले आणि सुट्टीची घंटा दहा मिनिटं आधीच दिली, जे बत्तीस वर्षांत घडलं नव्हतं.

घरी सत्यभामाबाई अंगणात वालाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. नवऱ्याची पावलं ऐकूनच त्यांना कळलं की स्वारी बिनसलेली आहे. त्यांनी काही विचारलं नाही. पाणी दिलं आणि पुन्हा शेंगांना लागल्या. थोड्या वेळानं गुरुजींनी आपणहून सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आता तूच सांग. एखाद्या लेकराले काई तरासच नसंल तर?"

सत्यभामाबाईंनी शेंग मोडली. "तुमाले कारल्याची भाजी आवडते का?"

"ते मंधात कुठून आली?"

"सांगा तर."

"नाई आवडत. तुले मालूम आहे."

"मले कदी मालूम झालं? लगनाले अकरा वर्सं झाल्यावर. पहिल्या इतवारी मी कारली केलती अन् तुमी म्हटलं चांगली झाली. मंग मी बापडी दर इतवारी करत राह्यलो. अकरा वर्सं! अन् तुमी मुकाट्यानं खात राह्यले. अकराव्या वर्सी ताप आलता तवा तोंडातून निंघालं तुमच्या, का हे नको. मी त्या दिवशी रडलो होतो, तुमाले याद आहे का? भाजीसाठी नाई रडलो. म्हटलं, हा मानूस माह्या घरात पाहुन्यावानी राह्यते."

बाईंनी टोपली उचलली आणि आत गेल्या. बायका असं काहीतरी बोलून आत जातात आणि पुरुषाला अंगणात एकटं ठेवतात. हे त्या मुद्दाम करतात की काय, कोण जाणे.

गुरुजींना त्यांची मामी आठवली. आई गेली तेव्हा ते दहा वर्षांचे होते. मामानं तुमसरला नेलं. मामीची स्वतःची चार, हे पाचवं. पहिल्या रात्री कोणीतरी कानात सांगितलं होतं, मामीला त्रास देऊ नको. त्यांनी दिला नाही. वाढलं ते खाल्लं, मिळालं ते घातलं, विहिरीवरून पाणी आणलं, पोरं सांभाळली. मामी शेजारणींना सांगायची, "हे पोट्टं मोठं गुनाचं. कदी काई मांगत नाई." ते ऐकताना किती बरं वाटायचं! आयुष्यभर त्या एका वाक्यावर ते जगले होते. आणि आज, साठाव्या वर्षी, वालाच्या शेंगांच्या टरफलांकडे पाहताना त्यांना पहिल्यांदा वाटलं की त्या पोराला कोणीतरी एकदा विचारायला हवं होतं. वाईट वाटलं. आपण त्याच मामीसारखे रोज चार-पाच वेळा त्या मयुरीला शाबासकी देत आलो, हे कळलं तेव्हा तर त्यांना बसवेना.

सकाळी शाळेत जायच्या आधी ते मयुरीच्या घरी गेले. मयुरीचा बाप तीन वर्षांपूर्वी तापानं गेला होता. तिची आई संघमित्रा दोन वर्षांपासून नागपुरात मुलींच्या एका वसतिगृहात पोळ्या लाटायला होती. सणावाराला येई. पोरं आजोबांकडे, भैयालालकडे. भैयालाल आणि गुरुजी बरोबरीचे. छपरावर चढायचं तेव्हा खालून कौलं देणारा तोच. त्यानं खाट टाकली. मयुरी आणि अश्विन शाळेला निघून गेले होते. चूल सारवलेली, भांडी घासून पालथी घातलेली होती.

गुरुजींनी विषय काढताच भैयालाल भडकला. "माही नातीन पागल आहे का? सरकारी कागदावर नाव गेलं का उद्या लगनाच्या टायमाले लोक इचारतीन. अन् तिच्यापेक्षा शानी पोर या गावात दाखवा मले!"

"शानी आहे म्हनूनच आलो ना बाप्पा."

"मंग?"

"ते रडते का कदी?"

"रडत नाई!" भैयालालच्या आवाजात अभिमान होता. "माय गेली त्या दिवशी बसपाशी मायनं म्हटलं, मयू, रडजो नोको. बाबूले सांभाळजो, आबाजीले तरास देजो नोको. तवापासून दोन वर्सं झाले, गुरुजी. एकडाव पोरीच्या डोळ्यात पानी नाई. मायचा शब्द पाळते ते!"

दोन वर्षं. एवढ्याशा पोरीनं आईचं एक वाक्य डोक्यावर भरल्या हंड्यासारखं धरलं होतं, थेंब सांडू न देता. त्यांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला. मग मित्राला कारल्याची गोष्ट सांगितली. मामीचीही सांगितली. ही गोष्ट त्यांनी आजवर कोणाला सांगितली नव्हती. भैयालाल आधी हसला, मग त्याचं हसू विरलं, मग तो उठून उगाच बैलाच्या गव्हाणीत पेंढा टाकून आला.

"संघमित्राले फोन लावा," तो शेवटी म्हणाला. "माय ते हाय."

फोन लागला. मागं तव्यांचे आवाज येत होते. गुरुजींनी जपून सांगितलं. मग संघमित्रा म्हणाली, "गुरुजी, बस सुटून राह्यलती. मले काई सुचलं नाई. तोंडात आलं ते बोललो. मले काय मालूम ते पोरगी तेच धरून बसंल?" आणि ती रडू लागली. भैयालालनं फोन घेतला, म्हणाला, "तुयी काई चूक नाई बाई," आणि मग गुरुजींकडे वळून, "लिवा नाव," असं म्हणत मोकळ्या रकान्यात आपली वाकडीतिकडी सही ठोकली.

शनिवारी गुरुजींनी एकच नाव लिहिलं. कारणाच्या रकान्यापाशी ते अर्धा तास बसले आणि मग हिंदीत लिहिलं, बालिकेला काहीही त्रास नाही, हाच त्रास आहे.

तासाभरात चंद्रशेखरचा फोन आला. "गुरुजी, हे काय लिवलं? पोर्टलवर असं ऑप्शनच नाई. रडते, मारते, चूप राहते, शाळेत येत नाही, यातलं काय आहे ते सांगा. नाई तर हरसालवानी निरंक टाकून देतो, तुमालेबी तरास नाई, मलेबी नाई."

आणि इथे दुलीचंद रामटेके यांनी ते केलं जे बत्तीस वर्षांत केलं नव्हतं. ते भांडले. फोनवर नव्हे. स्कूटर काढून वारासिवनीला गेले, कार्यालयात चंद्रशेखरच्या टेबलासमोर उभे राहिले आणि चारचौघांत मोठ्या आवाजात म्हणाले, "मी आजवर तुमाले काई मांगितलं का? एक खोली मांगितली? पोट्टे बसाले एक टाटपट्टी मांगितली? आज मांगून राह्यलो. हे नाव कटलं नाई पाहिजे!" टेबलावरचा चहा हिंदकळला. बाबू लोक खुर्च्यांतून वळून पाहू लागले. निरंक गुरुजी ओरडतात, हा चमत्कारच होता. चंद्रशेखर भला पोरगा, घाबरून त्यानं 'अन्य' असं एक बटण शोधून काढलं. ते तिथे आधीपासून होतं, कोणी कधी दाबलं नव्हतं इतकंच.

परतताना गुरुजींना इतकं हलकं वाटत होतं की त्यांनी फाट्यावर थांबून पान खाल्लं.

काउन्सेलर ताई आल्या, त्यांचं नाव आम्रपाली. गुरुजींना वाटलं होतं कोणी चष्मेवाली डॉक्टरीण येईल, पोरीला समोर बसवील आणि तिच्या मनातलं काढून घेईल. आम्रपाली ताईंनी तसं काहीच केलं नाही. त्या चिंचेखाली बसून पोरांबरोबर काचा-कवड्या खेळल्या, मातीची चूल केली, हरल्यावर खोटंखोटं रुसल्या. असे चार गुरुवार गेले. मयुरी खेळायची कमी आणि ताईंच्या पिशवीतले रंग नीट लावून ठेवायची जास्त.

"काही फरक पडून राह्यला का ताई?" गुरुजी अधीर झाले होते. मयुरी पाचवीत होती. एप्रिलमध्ये ती ही शाळा सोडून पलीकडच्या गावी मिडल स्कूलला जाणार होती. तशीच गेली तर तीही साठीला पोचून कोणाच्या तरी घरी मुकाट्यानं कारली खात बसेल, असं त्यांना वाटे.

"पडंल गुरुजी. पन एक मांगू का? तिले कामं सांगनं बंद करा. अन् तिची शाबासकीबी."

पहिली अट सोपी वाटली, दुसरी ऐकून गुरुजी चमकले. पण दुसऱ्या दिवसापासून खोल्या गुरुजींनी स्वतः झाडायला घेतल्या. ते झाडू फिरवत तेव्हा पोरं दारात उभी राहून हसत. मयुरी पहिले दोन दिवस झाडू ओढायला धावली. तिसऱ्या दिवशी दारातच उभी राहिली, हातांचं काय करायचं ते न कळून. माठ रिकामा राहू लागला. पहिलीची नाकं वाहू लागली. 'मयुरीकडून शिका' हे वाक्य दिवसातून चार वेळा गुरुजींच्या ओठांवर येई आणि ते गिळून टाकत. घरी भैयालालनंही चूल हातात घेतली होती. त्याच्या पोळ्या भारताच्या नकाशासारख्या होत, असं अश्विन शाळेत सांगे. संघमित्रा आता रोज संध्याकाळी फोन करी आणि आधी मयुरीला मागे. "कशी आहे?" विचारलं की उत्तर येई, "बेस आहे." दिवाळीला ती चार दिवस आली आणि गेली. मयुरीनं बसला हात केला, हसून. भैयालालनं हे सांगितलं तेव्हा गुरुजी खट्टू झाले. दीपिका मॅडम म्हणाल्या, "रुकिए सर." थांबण्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. सोळा गुरुवार गेले.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळची प्रार्थना व्हायची होती. गुरुजी ओसरीवर हजेरीचं रजिस्टर उघडून बसले होते. पटांगणातून एक किंकाळी आली. त्यांनी मान वर केली तर शाळेचं भूषण, मयुरी, पिंकीच्या झिंज्या दोन्ही हातांनी धरून तिला गदागदा हलवत होती. दीपिका मॅडम धावल्या, दोघींना सोडवलं. मयुरी मॅडमचा हात झिडकारून सरळ ओसरीवर आली. केस विस्कटलेले, नाक वाहतंय, फ्रॉकची बाही फाटलेली.

"पिंकीनं मले म्हटलं, तुयी माय येतच नाई कदी!" ती ओरडली. गुरुजींना वाटलं आता ती थांबेल. ती थांबली नाही. "अन् बाबू रोज माही पेन्सिल नेते! अन् आबाजी रोज वांगेच करते! अन् मले झाडू माराचा नाई, कदीच नव्हता माराचा! अन् मायनं म्हटलं होतं, संक्रातीले येतो, मी तिच्यासाठी तीळ ठेवले अन् ते आली नाई!" शेवटचे शब्द फुटलेच नाहीत. ती तिथेच ओसरीच्या पायरीवर बसली आणि भोकाड पसरून रडू लागली. पोरं घाबरून गोळा झाली. पिंकीसुद्धा रडू लागली, का ते तिलाही माहीत नसावं.

गुरुजींनी तिला उगी राहा म्हटलं नाही. रजिस्टर मिटलं, ते तिच्याशेजारी पायरीवर बसले. दीपिका मॅडमनी घंटेचा दोर हातात घेऊन दुरून विचारलं, वाजवू का? त्यांनी हातानं थांबा म्हटलं. डोळ्यांतलं पाणी त्यांनी आज पुसलं नाही. आनंदानं त्यांचा जीव भरून आला होता आणि तो लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

खूप वेळानं हुंदके कमी झाले. मयुरीनं बाहीनं नाक पुसलं. "गुरुजी, तुमी सांगान का मायले?"

"मी काहून? तूच सांग." त्यांनी नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला.

पलीकडून तव्यांचा आवाज आला आणि मग संघमित्राचा, धास्तावलेला. "मयू? काय झालं व? बेस आहे ना?"

"नाई," मयुरी म्हणाली. "बेस नाई. मले तुया राग आला आहे, लय राग आला आहे. तू ये."

तिकडे तवे वाजायचे थांबले. "येतो बाई," संघमित्रा म्हणाली, "परवाच्या बसनं येतो. तवरिक तू रड."